थोडे द्या, पण वेळेवर द्या

गिरणगावाचा इतिहास सांगताना भोंग्यांचे आणि संपांचे वर्णन पुष्कळ होते. ज्या चुलींवर गिरणगाव जेवले, त्यांची आठवण क्वचितच निघते. बिऱ्हाड गावी ठेवून कोकणातून वा घाटावरून मुंबईस आलेला कामगार चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत असे आणि पैसे पगाराच्या दिवशी देत असे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज त्या बाईच्या माथी. १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने अशा स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारापर्यंत नेले. त्यांना कोणाचे दान नको होते. पगाराच्या दिवसापर्यंत तग धरण्यापुरते भांडवल हवे होते. त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातून लिज्जतचा केवढा वृक्ष झाला, हे सर्वश्रुत आहे. रक्कम लहान होती, पण वेळेवर हाती पडली, हेच तिचे मोल.

हा धडा आमचे राज्यकर्ते विसरले आहेत काय, असा प्रश्न पडावा अशी आजची स्थिती आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेची मूळ कल्पना निःसंशय स्तुत्य होती. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी थाळी गरजूस दहा रुपयांत मिळावी, आणि शहरी भागात प्रत्येक थाळीमागे ४० रुपयांचे अनुदान सरकारने केंद्रचालकास द्यावे, असे तेव्हा ठरले. परंतु २०२५ साली अनेक केंद्रचालकांना आपल्या थकलेल्या देयकांसाठी महिनोन्‌महिने हाका माराव्या लागल्या. वाचकांनी साधा हिशेब करून पाहावा. रोज शंभर थाळ्या वाढणाऱ्या केंद्रास ह्या दराने ग्राहकांकडून एक हजार रुपये मिळतात आणि सरकारकडून चार हजार येणे होते. तीन महिने अनुदान न आल्यास ती बाकी ३ लाख ६० हजारांवर जाते. तांदूळ, तेल आणि गॅसचे सिलिंडर ह्यांचे पैसे मात्र थांबत नाहीत. म्हणजे सरकारने गरिबास जेवू घालावयाचे, आणि त्यासाठी सरकारलाच कर्ज द्यावयाचे ते एखाद्या बचत गटाने! पूर्वी खाणावळवालीचा ऋणको निदान गिरणीकामगार होता. आता तो साक्षात शासन आहे.

विलंबाचा फटका सर्वांस सारखा बसत नाही, हे आम्हांस विशेष गंभीर वाटते. मोठा कंत्राटदार सहा महिने कळ काढू शकतो; चार-पाच स्त्रियांचे स्वयंपाकघर दुसऱ्याच महिन्यात मंगळसूत्र गहाण टाकते. अशी लहान स्वयंपाकघरे एकेक करून बंद पडली, की ‘बचत गटांना काम झेपत नाही’ असा शेरा मारावयास कचेऱ्या मोकळ्या, आणि सारे काम मोठ्या ठेक्यांत बांधावयासही मोकळ्या.

लहान अनुदाने अनेकांस वाटली की हिशेब ठेवणे कठीण जाते आणि बनावट थाळ्यांची नोंद होते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पण त्यावरचा उपाय तपासणी हा आहे. लबाड केंद्र बंद करावे. त्याच्या पापासाठी प्रामाणिक केंद्रास उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे.

आमची मागणी माफक आहे. अन्नाचे काम करणाऱ्या प्रत्येक लहान गटास एका महिन्याचे अनुदान आगाऊ, फिरते भांडवल म्हणून द्यावे. पुढील देयक ठरलेल्या तारखेस चुकते करावे. आणि तारीख टळल्यास व्याज द्यावे. ह्यात अपूर्व असे काहीच नाही. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत द्यावे, अन्यथा चक्रवाढ व्याज भरावे, हे तत्त्व २००६ च्या कायद्याने देशाने स्वीकारलेलेच आहे. कारखान्यातील खिळ्यास जो न्याय, तो ताटातील भाकरीस का नसावा?

योजनेस कोणाचे नाव द्यावे आणि फलकावर कोणाची छबी असावी, ह्यावर हवा तितका वाद घाला. दुपारी बारा वाजता रांगेत उभ्या असलेल्या हमालास त्याच्याशी कर्तव्य नाही. चूल पेटली आहे की नाही, एवढेच तो पाहतो. आणि ती पेटती ठेवणाऱ्या हातांची उधारी थकवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही.