सहभाग लोकांचा, तिजोरी वरच्यांची

पावसाळा तोंडावर आला की शासकीय परिपत्रकांना लोकसहभागाचे भरते येते. गावाने सावध राहावे, तरुणांनी पथके उभारावीत, स्त्रियांनी प्रथमोपचार शिकावेत, असा उपदेश वरून खाली वाहू लागतो. उपदेशात खोटे काही नाही. पाणी अंगणात शिरते तेव्हा पहिल्या तासात धावून येतो तो शेजारीच. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेले पथक नव्हे. परंतु ज्या गावाच्या खांद्यावर हे ओझे टाकायचे, त्याच्या हातात नेमके काय द्यायचे, असे विचारले की उपदेशकांची वाचा बसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला वेढा घातला. गाव हातावर हात ठेवून बसले नाही. गावातल्याच होडीतून माणसे बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली ती होडी ८ ऑगस्टला उलटली आणि बायामुलांसह अनेकजण बुडाले. तेथे सहकार्याची उणीव होती काय? सहकार्य होते म्हणूनच तर होडी निघाली. उणीव होती ती पुरेशा होड्यांची आणि साधनांची. हेच खोरे २००५ सालीही बुडाले होते. मधली चौदा वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात स्थानिक संस्थांचा उल्लेख नाही असे नाही. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, साधने सज्ज ठेवावीत, मदतकार्य करावे, अशी कर्तव्ये त्यांच्यावर सोपवली आहेत. मात्र सारे जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार, आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कर्तव्य खाली उतरले, तिजोरी वरच राहिली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीचा आकडा १,६०,१५३ कोटी रुपये ठरवला. त्यातील ८० टक्के प्रामुख्याने आपत्ती कोसळल्यानंतरसाठी, २० टक्के ती सौम्य व्हावी यासाठी. त्या विसांतील ठरलेला वाटा ग्रामपंचायतीच्या हाती पडलाच पाहिजे, असे बंधन घालण्याची गरज कोणास भासली नाही.

मूळ कायद्यात १३ वे कलम होते. भीषण आपत्तीत सापडलेल्यांना कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाला त्याखाली करता येत असे. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलमच वगळले. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी कोसळलेल्या दरडींतून वाचलेल्यांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा केंद्राने याच दुरुस्तीकडे बोट दाखवले. घर गेले, शेत गेले, हप्ता मात्र शाबूत! अशा माणसाला ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

त्याच केरळात २०१८ च्या महापुरात किनाऱ्यावरचे मच्छीमार सहाशेहून अधिक होड्या घेऊन, त्यांतल्या कितीतरी मालमोटारींवर लादून, बुडालेल्या गावांत शिरले. ही धाव कोणत्याही योजनेची देणगी नव्हती, हे मान्यच करावे लागेल. पण पाणी ओसरल्यावर घरे आणि विहिरी स्वच्छ करण्यासाठी पंचायती व कुटुंबश्रीचे स्त्रीगट तत्काळ उभे राहिले, त्यामागे मल्याळी स्वभाव शोधण्याचे कारण नाही. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून त्या राज्याने नियोजन खर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे धोरण पत्करले. पैसा खर्च करण्याची, चुकण्याची आणि हिशेब देण्याची सवय त्या संस्थांना आधीच जडलेली होती.

महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांनी मोर्चे काढले, मजुरी मागितली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मदत ही दया न राहता हक्क झाली. संकटातल्या संघटनेने एवढे कमावल्याची उदाहरणे देशात थोडीच.

याचा अर्थ ‘गाव’ या शब्दापुढे हात जोडावेत असा नव्हे. गाव एक असते ही भाबडी समजूत आहे. सखल भागातली वस्ती बहुधा कोणाची असते, हे सर्वांस ठाऊक आहे. शेतीच्या नुकसानीचा पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. वाट्याने शेत कसणारा त्यात सापडत नाही आणि शेतमजुराच्या बुडालेल्या रोजंदारीला तर रकानाच नसतो. अधिकार ग्रामपंचायतीला मिळाले आणि ग्रामसभा चार घरांच्या ओसरीवरच भरू लागली, तर सत्तेची केवळ जागा बदलेल.

पुरानंतर धान्याच्या पिशव्या वाटताना छायाचित्रे काढून घेणारे सर्वच पक्षांत आहेत. या पक्षातही आहेत. पिशव्या वाटाव्यातच, भुकेला थांबता येत नाही. पण नदीकाठच्या कार्यकर्त्यांचे खरे काम १ मेच्या ग्रामसभेत आहे. किती होड्या हव्यात, त्या कोणाच्या ताब्यात राहतील, कोणत्या वस्तीतील म्हातारी-अपंग माणसे आधी हलवायची, याचे ठराव त्या दिवशी नावानिशी लिहून घ्यावेत आणि पैशांच्या मागणीसह तहसीलदाराकडे पोच घेऊन द्यावेत. आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याची यादी चावडीवर मोठ्याने वाचली जाईल, तेव्हा वाटेकरी आणि मजूर तेथे हजर असतील, हे आतापासूनच पाहावे.