पाण्याच्या हिशेबात आमचे नाव

मुस्लिम मराठी लेखकाने काय लिहावे, याची यादी दुसऱ्यांनीच करून ठेवली आहे. तलाक, बुरखा, दंगल, मोहल्ल्यातले दारिद्र्य. हे विषय आमचेच आहेत. ते आम्ही लिहिले, पुढेही लिहू. पण १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला साडेतीन दशके उलटली, तरी विज्ञानकथेचे नाव काढले की 'तो तुमचा प्रांत नव्हे' हे ऐकावे लागते. आणि आमच्यातलेच काहीजण विचारतात, 'हे खयाली पुलाव कशाला?' या दोघांशीही आमचे भांडण आहे.

पहिल्यांना सांगायचे ते असे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाच्या वलयामुळे बक्षीस मिळू नये, ही त्यांची सचोटी. आमची अडचण नेमकी उलटी आहे. आमचे नाव वाचले की परीक्षक कथेत आधी दंगल शोधतो.

दुसऱ्यांना सांगायचे ते असे. १९०५ साली बंगालच्या बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' लिहिली. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करणारा, आकाशातून पाणी ओढून घेणारा बायकांचा देश त्यात आहे. २००७ च्या रमजानमध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकूर अंतराळस्थानकावर गेले, तेव्हा तिथे नमाज आणि किबला कसा सांभाळावा याचे मार्गदर्शन तिथल्या उलेमांनी लिहून काढले. उलेमांना जे खयाली वाटले नाही, ते आमच्या कथाकारांना का वाटावे?

परग्रहावर माणसांची वसाहत आहे, पाणी तुटपुंजे आहे आणि एक गुन्हा उलगडत नाही, असा एक कथाप्रकार जगभर आवडीने वाचला जातो. त्याचा आराखडा अमेरिकेतून मागवायला नको. तो नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात आहे. १९७२ च्या दुष्काळाने हे गाव मोडले, माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले. मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान आले. डोंगरावर चर खणले गेले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे ठरले. पडलेला पाऊस मोजायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला ठेवायचे, उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. परग्रहावरच्या वसाहतीला याहून वेगळे नियम करता येतील काय?

याच गावात मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्याच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, आम्हीही सांगतो. पण कथाकाराने कौतुकापाशी थांबू नये. त्याने विचारावे: ज्या वर्षी पाऊस दगा देईल आणि हिशेबात पाणी कमी भरेल, त्या वर्षी पहिला संशय कोणावर जाईल?

कथा इथून सुरू होते. दूरच्या ग्रहावरच्या वसाहतीत टाकीतले पाणी नोंदीपेक्षा कमी निघते. एकच घर पाच वेळा वजू करते. कुजबुज सुरू होते, मग सभा भरते, त्या घराचे पाणी तोडण्याचा ठराव येतो. रहस्य उलगडणाऱ्याला एवढेच ठाऊक असावे लागते की पाणी नसेल तेव्हा मातीने तयम्मुम करता येते. त्या घराने टंचाई लागल्या दिवसापासून तेच केलेले असते. चोर निघतो हिशेबाची वही लिहिणारा. हा पुरावा आमच्याच लेखकाला चटकन सुचेल, कारण तो त्याच्या घरातला आहे.

ही कल्पना फार दूरची वाटत असेल, तर याच जिल्ह्यातले मढी आठवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला. प्रशासनाने तो पुढे रद्द केला, पण हात वर झाले ते झालेच. एक ग्रामसभा एका घरासाठी मशीद बांधते, दुसरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुकानदाराला हुसकावते. दोन्हींकडे तोच कायदा आणि तीच मराठी.

म्हणून आम्ही म्हणतो, उद्याच्या वसाहतीची कथा दुसऱ्यावर सोपवू नका. ती दुसऱ्याने लिहिली तर त्या वसाहतीत आम्ही एक तर नसू, किंवा संशयित म्हणून असू. आमच्या पोरापोरींनी भूजल शिकावे, पर्जन्यमापक वाचावा, हिवरे बाजारला जाऊन ताळेबंद कसा मांडतात ते पाहावे आणि मग लिहावे. दुःख लिहू नका असे आमचे म्हणणे नाही. त्या दुःखाबरोबर आमचा पाण्यातला वाटाही लिहा.