एका ‘ॲट’साठी माणूस नापास

इंग्रजीतल्या प्रेपोझिशनवरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांचा मला संताप येतो. ठरवणारा मराठी असला तर जास्तच येतो.

मी शारजात राहतो आणि दुबईत एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळतो. मध्यंतरी आमच्याकडे सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. नोंदी घ्यायला मी खोलीत होतो. इचलकरंजीकडचा एक उमेदवार आला. चाळिशी उलटलेली, आखातातल्या साइटवर उन्हानं रापलेला. उंचीवरच्या कामाबद्दल त्याला विचारलं. हार्नेसला दोन हुक हवेत, एक सोडण्याआधी दुसरा अडकलेला हवा, अँकर डोक्याच्या वर हवा, स्कॅफोल्डला हिरवा टॅग दिसल्याशिवाय पाय ठेवू द्यायचा नाही, हे त्यानं न अडखळता सांगितलं. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं, तेही त्यानं सांगितलं: पडलेला माणूस पट्ट्यावर लटकून वाचला म्हणजे संपलं नाही, मांडीचे पट्टे आवळून रक्त पायात साचतं, त्याला काही मिनिटांत खाली घ्यावंच लागतं, म्हणून सुटकेची तयारी काम सुरू व्हायच्या आधी हवी. सगळं बरोबर होतं. फक्त तो प्रत्येक वेळी ‘इन हाइट्स’ म्हणत होता.

पॅनेलवर एक साहेब आपल्या पुण्याचे होते. उमेदवार बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “काम येतं हो त्याला, पण क्लायंटसमोर उभं कसं करणार? साधं ‘ॲट हाइट’ म्हणता येत नाही.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी बोललो, पण नोंदी घेणाऱ्याचं कोण ऐकतो! कागद बाजूला पडला.

ज्या ‘ॲट हाइट’साठी हे झालं, त्याबद्दल खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचं तरी एकमत आहे का? ब्रिटनच्या 2005 सालच्या नियमावलीच्या नावात ‘वर्क ॲट हाइट’ आहे, एकवचनी. कॅनडातल्या ऑन्टारिओत याच कामाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचं नाव ‘वर्किंग ॲट हाइट्स’, अनेकवचनी. दोन्हीकडे मातृभाषा इंग्रजी. तिथं एका ‘स्’च्या फरकावरून कुणाची नोकरी जात नाही. आमच्या माणसाचा ‘स्’ही चालला नाही आणि ‘इन’ही चाललं नाही.

यावर तयार उत्तर असतं, नियम तो नियम. कुठला नियम? हे साहेब लोक ज्याला नियम म्हणतात, त्यातला मोठा भाग निव्वळ वहिवाट आहे. इंग्रज ‘ॲट वीकेंड्स’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑन वीकेंड्स’. सकाळचं सांगायचं तर ‘इन द मॉर्निंग्ज’, पण तीच सकाळ शुक्रवारची झाली की ‘ऑन फ्रायडे मॉर्निंग्ज’. रात्रीला ‘ॲट’ लागतं, आणि रात्रपाळी करणारा अमेरिकन ‘आय वर्क नाइट्स’ म्हणून प्रेपोझिशनच टाकून देतो. यामागचं तर्कशास्त्र मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही, कारण ते नाहीच. लहानपणापासून कानावर पडलं त्याला येतं, नाही पडलं त्याला पाठ करावं लागतं. आपल्याकडे सकाळी, दुपारी, रात्री, शुक्रवारी अशी एका ‘ई’वर सगळी वेळ निभावते, आणि ‘दर शुक्रवारी’ म्हणताना तो शुक्रवार एकवचनीच राहतो. मराठीत वाढलेल्या माणसाला ‘ऑन फ्रायडेज’मधला ‘ज’ सुचत नाही, यात त्याच्या डोक्याचा दोष कुठे आला?

या देशानं, संयुक्त अरब अमिरातीनं, तर आठवड्याची सुट्टीच दोनदा हलवली. सरकारी कचेऱ्यांची सुट्टी 2006 पर्यंत गुरुवार-शुक्रवार होती, मग शुक्रवार-शनिवार झाली, 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही. लाखो लोकांनी कामाचं, शाळेचं, नमाजाचं वेळापत्रक बदललं आणि देश एक दिवस थांबला नाही. आणि आमच्या ऑफिसात ‘ॲट’ की ‘इन’ यावर माणूस पारखतात.

देशाचं नावच पाहा. ‘अल-इमारात’ अरबीत अनेकवचन, ‘एमिरेट्स’ इंग्रजीत अनेकवचन. 2 डिसेंबर 1971 ला सहा अमिराती एकत्र आल्या, रास अल खैमा 10 फेब्रुवारी 1972 ला सातवी झाली. आपल्या व्याकरणानं चाललं तर ‘अमिरातींत’ असा अनुस्वार हवा. मराठी वर्तमानपत्रं सर्रास ‘अमिरातीत’ लिहितात, वाचणाऱ्याला अर्थ कळतो आणि कुणी संपादकाला अडाणी म्हणत नाही. म्हणूही नये.

मराठी माणूस इंग्रजी प्रेपोझिशनला का अडखळतो, हे ज्याला समजून घ्यायचंय त्यानं आपली भाषा डोळ्यांसमोर आणावी. घर, घरं, घरांवर. इमारत, इमारती, इमारतींवर. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं आणि येताना नामाला वाकवतं. त्यालाच शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलं. एक की अनेक, हे तिथं एका अनुस्वारावर ठरतं. इंग्रजीत अव्यय पुढून येतं आणि नाम ढिम्म हलत नाही. म्हणजे बोलायच्या आधीच, नाम तोंडात यायच्या आधीच, ‘इन’ की ‘ऑन’ ते ठरवून मोकळं व्हावं लागतं. वाक्याची बांधणीच उलटी आहे. 2000 सालापर्यंत महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. चाळिशीपुढच्या त्या माणसाला हे उलटं गणित दहाव्या-अकराव्या वर्षी, बहुतेक रिकाम्या जागा भरा करत शिकावं लागलं. तरी त्याच इंग्रजीवर तो साइटवरचे अपघात टाळतो आहे.

अरबीचा हिशेबही आपल्यासारखाच आहे. लिखित अरबीत इंजिनिअर म्हणजे ‘मुहंदिसून’. आधी ‘मिन’ किंवा ‘मअ’ आलं की तेच ‘मुहंदिसीन’ होतात. अनेकवचन तिथंही वाकतं. या देशाच्या राज्यघटनेनं अधिकृत भाषा म्हणून अरबी ठरवलेली आहे. इंग्रजी इथं कुणाच्या घरची नाही. मल्याळी, फिलिपिनो, पठाण, इजिप्शियन आणि आपण, यांना एकमेकांशी बोलायला मिळालेली ती मधली जागा आहे, आणि मधल्या जागेचा मालक कुणी एक नसतो.

या मधल्या जागेनं स्वतःची वळणंही घडवली आहेत. दुबईत घर भाड्यानं घ्यायला जा, एजंट पहिलं विचारतो ‘इन हाउ मेनी चेक्स?’ वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं देतात, एक, दोन, चार, जसं ठरेल तसं. ‘इन फोर चेक्स’ हे अनेकवचन आणि हे ‘इन’ इथल्या व्यवहारातून रुळलं. लंडनहून आलेला गोरा मॅनेजरही पहिल्या महिन्यात तेच बोलायला लागतो, कारण घर हवं असतं. तसंच ‘टायमिंग्ज’. हे अनेकवचन आपल्याकडचं, भारतातलं. आज इथली इंग्रजी वर्तमानपत्रं रमजानची ‘ऑफिस टायमिंग्ज’ आणि ‘प्रेअर टायमिंग्ज’ छापतात. दुबईच्या करामा भागातल्या भिंतीवरचा ‘बेड स्पेस फॉर एक्झिक्युटिव्ह बॅचलर्स’ हा कागद वाचून लाहोरचा, मनिलाचा आणि लातूरचा माणूस एकाच दारात उभा राहतो. आणखी काय हवं भाषेकडून?

काटेकोरपणा मला नको आहे, असं कुणी समजू नये. माझं पोटच त्यावर आहे. करारात ‘चौदा दिवसांच्या आत’ कुठून मोजायचं, नोटीस निघाल्यापासून की पोहोचल्यापासून, हे एका प्रेपोझिशनवर ठरतं आणि त्यावर मोठ्या रकमा अडकतात. तिथं मी एकेक अक्षर तपासतो. जिथं अर्थ बदलतो तिथं नियम धरा. ‘इन हाइट्स’नं कुणाचा अर्थ बदलला? खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की माणूस उंचीवरच्या कामाबद्दल बोलतोय. कळलं म्हणूनच तर चूक काढता आली.

मला सगळ्यात लागतं ते हे आपलेच लोक करतात याचं. मंडळाच्या गणपतीत हेच साहेब मराठीच्या अभिमानावर बोलतात. घरी मुलानं ‘फ्रेंड्सना’, ‘टॉवर्समध्ये’, ‘टीचर्सनी’ म्हटलं, म्हणजे इंग्रजी अनेकवचनाला मराठी प्रत्यय सरळ जोडला, की कौतुक. आणि गावाकडच्या माणसानं इंग्रजी नामाला इंग्रजी अव्यय जरा चुकीचं जोडलं की तो व्हर्नाक्युलर. ही भाषेची चाड नव्हे. आपण त्या गावातून, त्या शाळेतून वर आलो हे क्लायंटला दिसू नये, एवढीच ती धडपड आहे, आणि तिची किंमत दुसऱ्यानं पगारात मोजायची!

परक्यांनी यापेक्षा जास्त समज दाखवली. अबू धाबीच्या न्याय विभागानं फेब्रुवारी 2019 मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी घेतली, का तर माणसाला आपलं म्हणणं मांडता यावं. कोर्टाला जे चालतं ते आमच्या एचआरला चालत नाही.

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत ‘उत्तम इंग्रजी’ लिहिण्याआधी त्या जागेवरचा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार ते लिहा. सेफ्टी ऑफिसर सकाळपासून नेपाळी, बंगाली, तेलुगू, पठाण मजुरांमध्ये असतो आणि त्यांच्याशी हिंदीत बोलतो. ते हिंदी तपासा, त्याचे हुक आणि टॅग तपासा. क्लायंटची मीटिंग आठवड्यातून एकदा. तिचे कागद लिहायला ऑफिसात माणसं ठेवलेली आहेत, त्यातला एक मी आहे. तुम्हाला हवं ते ‘ॲट’ त्या कागदात मी घालून देईन, माणूस तेवढा कामावर घ्या.