पहिले इंजिन किती उघडावे?

आमच्या अमरावतीच्या घरी कै. वडीलबंधूंची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ती चालते, परंतु गेल्या वर्षभरात तिचा दम सरला होता आणि सकाळी सुरू करताच ती निळा धूर सोडी. गेल्या दिवाळीत अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून घरी आलेला पुतण्या म्हणाला, "काका, बाबांच्या गाडीचे सबंध इंजिन मी स्वतः उतरवतो. पिस्टन, बोअर, क्रँक, सारे नवे करतो आणि उन्हाळ्यापूर्वी आईला त्याच गाडीतून अकोल्यास माहेरी नेतो." वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांचा तांदूळ निवडणारा हात मात्र थांबला.

त्यांची भीती आम्हांस ठाऊक होती. तरुणपणी आम्हीही एक स्कूटर अशीच हौसेने सबंध उघडली होती. तिचे सुटे भाग पुढे पोत्यात भरून भंगारात गेले.

तरुणांच्या हौसेस बांध घालावा असे आमचे मत नाही. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे हे साधे इंजिन शिकाऊ हातास उत्तमच. परंतु मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून निघू लागलेल्या या मोटारीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले, आणि २०२३ साली मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. तेव्हा बोअर करावयाचा झाल्यास योग्य मापाचे पिस्टन आधी हाती असावेत. मगच मिस्त्रीने त्यांच्या मापाने बोअर करावा. उलट क्रम धरणाऱ्याची मोटार भागांची वाट पाहत पडून राहते.

काम किती करावे हे हिंमतीने नव्हे, मोजमापाने ठरवावे. आम्ही इंजिन गरम करविले, ठिणगीची तार सुटी केली, चारही प्लग काढले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. शेजारशेजारच्या तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरांचा दाब कमी भरला. त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने दाब वाढला असता, तर रिंगा वा बोअर झिजल्याची ती खूण होती. येथे तो वाढला नाही. म्हणजे संशय त्या दोहोंमधल्या हेड गॅस्केटवर. सुरू होतानाचा निळा धूर बहुधा व्हॉल्व्हच्या झिजलेल्या गाइडांचा. मापक जोडून पाहता गरम इंजिनातही तेलाचा दाब योग्य निघाला. तेव्हा खालच्या बेअरिंगांना हात लावण्याचे कारण उरले नाही.

"मग हे अर्धेच काम झाले, काका!" पुतण्या हिरमुसून म्हणाला.

"अर्धे खरे, पण पुरे होणारे," आम्ही म्हणालो.

हेड उतरले. बोअरच्या वरच्या कडेशी नखास जाणवेल असा कंगोरा नाही, हे त्याने पाहून घेतले. असता तर तेथेच थांबून पुन्हा मोजावयाचे असे आधीच ठरले होते. पुशरॉड त्याने क्रमवार पुठ्ठ्यात खोवून ठेवले. हेडचा पृष्ठभाग सपाट करणे आणि गाइड बदलणे ही यंत्रशाळेची कामे. ती तिकडे दिली. व्हॉल्व्ह मात्र पेस्ट लावून त्याने घरीच घासले. नव्या गॅस्केटावर हेड बसवून बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले.

पहिली फेरी बडनेऱ्यापर्यंतच झाली. मग फाल्गुनात एका पहाटे वहिनी पुढच्या आसनावर बसल्या. अमरावती–अकोला मार्गावर २०२२ साली १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर घालण्याचा विश्वविक्रम झाला. अशा रस्त्यावर वेगाचा मोह होतो. पुतण्याने तो आवरला. मूर्तिजापुरास थांबून पाहिले, तो इंजिनाचे पाणी शांत होते. ऊन चढण्यापूर्वी मंडळी अकोल्यास पोहोचली.

आता पावसाळ्यात भंगारातून तसलेच एक इंजिन आणून तो क्रँकपर्यंत उघडणार आहे. त्यास आमची आनंदाने संमती आहे. तेथे चूक झाली तरी शिक्षणच होईल, आणि घरची मोटार चालू राहील.