गोळ्यांची बेरीज

सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइन, पोटातील मुरड्यासाठी डायसायक्लोमिन, झोप लागावी म्हणून अमिट्रिप्टिलिन. डॉक्टर तीन, पुड्या तीन. परिणाम मात्र एकाच जातीचा. तोंडाला कोरड, शौचास खडा, लघवी तुंबणे. म्हातारा माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ मला हे पटत नाही. आधी पुड्या पाहाव्यात. बांधावरच्या धोत्र्यातील अ‍ॅट्रोपिन हेच करते. या गोळ्या सौम्य, पण एकीच्या परिणामात दुसरीची भर पडते. शिवाय घाम कमी येतो. एरंडोलच्या मे महिन्यात अशा माणसाला उष्माघात लवकर गाठतो. साठी ओलांडलेल्यांनी सगळी औषधे, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना दाखवावीत. मनाने मात्र कोणतीही गोळी एकदम बंद करू नये.