जगणे आणि तग धरणे

माणसाचा ताप मोजायला काखेत थर्मामीटर लावला की काम भागते. पाणी बर्फासारखे असो की कोमट, निरोगी माणसाचे शरीर 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. माशाचे तसे नसते. ट्यूनासारखे थोडे अपवाद सोडले, तर जे पाण्याचे तापमान तेच माशाच्या अंगाचे. त्याच्याकडे घाम नाही, चरबीची उबदार गोधडी नाही. अंगाचे तापमान बदलायचा एकच उपाय त्याच्या हाती असतो, तो म्हणजे दुसऱ्या पाण्यात पोहत जाणे. म्हणून मासा कुठल्या पाण्यात जाऊन थांबतो, हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

पण माशाला त्याची आवड विचारायची कशी? कॅनडातील संशोधक जे. आर. ब्रेट यांनी पॅसिफिक सामन माशांच्या पाच जातींची पिल्ले घेऊन याचे उत्तर शोधले आणि 1952 मध्ये ते प्रसिद्ध केले. ही पिल्ले समुद्राकडे जाण्याआधी गोड्या पाण्यात असतात. अशा प्रयोगाची कल्पना साधी आहे. टाकीतील पाण्याचे तापमान क्रमाक्रमाने बदलत जाईल अशी व्यवस्था करायची, त्यात पिल्ले सोडायची आणि कुठल्या पट्ट्यात किती जमतात ते ठरावीक वेळाने मोजायचे. सामनची पिल्ले मुख्यतः 12 ते 14 अंशांच्या पाण्यात जमली. त्याच अभ्यासात ब्रेट यांनी पिल्ले किती उष्णता सहन करू शकतात हेही तपासले. हळूहळू सवय लावूनही ती मर्यादा 25 अंशांच्या आसपासच थांबली. आवडीचे पाणी आणि मारक पाणी यांत दहा-बारा अंशांचे अंतर निघाले. हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यात एक अडचण होती. थंड पाण्यात वाढलेले पिल्लू आणि कोमट पाण्यात वाढलेले पिल्लू सुरुवातीला वेगवेगळे तापमान निवडते. मग खरी आवड कोणती? टोरांटो विद्यापीठातील एफ. ई. जे. फ्राय यांनी 1947 मध्येच यावर तोड सुचवली होती. माशाला पुरेसा वेळ दिला, तर नव्या पाण्याला तो रुळतो, मग पुन्हा थोडा सरकतो आणि शेवटी अशा ठिकाणी स्थिरावतो, जिथे सवय आणि आवड एकच होतात. तेच त्याचे अंतिम पसंतीचे तापमान. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यंत्राची सूत्रे माशाच्याच हाती दिली. दोन कप्प्यांची टाकी केली. मासा उबदार कप्प्यात गेला की सगळे पाणी तापू लागते, थंड कप्प्यात गेला की निवू लागते. ये-जा करत मासा स्वतःच्या सोयीचे तापमान राखतो आणि यंत्र त्याची नोंद ठेवते.

ही आवड दगडावरची रेघ मात्र नाही. पोटभर खाणे मिळाले, तर सॉकाय सामनची पिल्ले 15 अंशांच्या सुमारास सर्वांत चांगली वाढतात. खाणे कमी झाले की त्यांना थंड पाणीच फायद्याचे ठरते, कारण थंडीत शरीराचा रोजचा खर्च कमी होतो. आजारपणातही आवड बदलते. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मृत जिवाणू टोचलेल्या गोड्या पाण्यातील माशांनी नेहमीपेक्षा सुमारे अडीच अंश गरम पाणी निवडले. थोडक्यात, त्यांनी पोहत जाऊन ताप आणला. पुढच्याच वर्षी गोल्डफिशवरील प्रयोगात दिसले, की असा ताप आणू शकणारे मासे संसर्गातून अधिक संख्येने वाचतात. ताप हा शरीराच्या बचावाचा भाग आहे, याची ही पाण्यातली साक्ष.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे तो नियम कशाच्या आधारे करायचे याच्याशी. मासे मरेपर्यंत पाणी ठीक आहे असे मानणे म्हणजे नाडी लागते आहे तोवर रुग्ण बरा आहे असे म्हणण्यासारखे आहे. तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. 15 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. असा मासा मरत नाही, पण वाढत नाही, रोगाला लवकर बळी पडतो. अमेरिकेच्या वायव्य भागात 2003 च्या मार्गदर्शक सूचनांनी सामनची पिल्ले वाढतात त्या मुख्य प्रवाहांसाठी 16 अंश आणि इतर वाढीच्या भागांसाठी 18 अंशांची मर्यादा सुचवली. मारक तापमानापेक्षा या मर्यादा बऱ्याच खाली आहेत.

आपल्याकडे सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकात मुख्य अट फरकाची आहे : सोडलेले पाणी नदीच्या पाण्यापेक्षा 5 अंशांहून अधिक गरम नसावे. हिवाळ्यात 22 अंशांच्या नदीत आणि मे महिन्यात 32 अंशांच्या उथळ धारेत हेच 5 अंश अगदी वेगळा अर्थ घेऊन येतात. आपले रोहू, कटला, मृगळ हे उबेचे मासे आहेत, सामनचे आकडे त्यांना लागू पडणार नाहीत. सवय लावल्यास या माशांची बोटुकली अधिक उष्णता सोसते, हे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे. पण सोसणे आणि मानवणे यांत फरक आहे. म्हणून आपल्या नद्यांतील पिल्लांची आवड जातीनिहाय आणि ऋतूनिहाय मोजून मर्यादा ठरवायला हव्यात.

मोजमाप होईपर्यंत एक गोष्ट निश्चित करता येते. माशाला निवड करता यावी, एवढी नदी शिल्लक ठेवायची. उन्हाळ्यात खोल डोहाच्या तळाशी आणि काठच्या उंबर-करंजाच्या सावलीत पाणी तुलनेने थंड राहते. वाळू उपशाने डोह मोडले आणि घाटाच्या काँक्रीटसाठी काठची झाडे तोडली, की नदीचे सगळे पाणी एकसारखे तापते. आवड असूनही मग पिल्लाला जायला जागाच उरत नाही. प्रयोगशाळेतल्या टाकीत माशाला दोन कप्पे मिळतात. नदीत निदान तेवढे तरी त्याच्यासाठी राखायला हवे.