पोटरीतला गोळा आणि खांद्यावरचा ताण



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपली होती. बौद्धाचार्य पुढच्या कार्यक्रमाच्या सूचना सांगत होते. इतक्यात महिलांच्या बाजूने कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडले. आमच्याच वस्तीतल्या एक मावशी. तासभर मांडी घालून बसल्या होत्या, उठायला गेल्या आणि उजव्या पोटरीत गोळा आला. पोटरी दगडासारखी टणक झाली. पाय लांब करता येईना. डोळ्यांत पाणी उभे राहिले. लगेच गर्दी जमली. एकजण म्हणाला, कांदा हुंगवा. दुसऱ्याने चप्पल शोधायला सुरुवात केली. आणि मागून एक बाई हळूच म्हणाली, "अवस जवळ आलीय, बाहेरचं काही असंल. मीठ-मिरची उतरून टाका."

हे शब्द कानावर पडले तेव्हा समोर तथागतांची मूर्ती होती आणि बाजूच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांचा फलक होता. आम्हाला त्या बाईचा राग आला नाही, आमचाच आला. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला या अंधारातून बाहेर काढले. पण आपल्या शरीरात काय घडते, का घडते, हे आम्ही कार्यकर्त्यांनी घरोघरी सांगितले नाही. माणसाला कारण कळले नाही की तो उताऱ्याकडेच वळणार. म्हणून आजचे हे सदर पोटरीतल्या गोळ्यासाठी.

त्या दिवशी पुढे काय झाले ते आधी सांगतो. नर्सचे शिक्षण घेणारी वस्तीतलीच एक मुलगी गर्दी बाजूला सारून पुढे आली. तिने मावशींचा गुडघा सरळ केला, पायाचा चवडा धरला आणि बोटे हळूहळू मावशींच्या अंगाकडे ओढून धरली. दुसऱ्या हाताने पोटरी चोळली. मिनिट-दोन मिनिटांत गोळा सुटला. मंत्र नाही, कांदा नाही, पैसाही नाही. घरात एकटे असाल तर हेच स्वतः करता येते. टॉवेल चवड्यात अडकवून दोन्ही टोके आपल्याकडे ओढावीत, किंवा भिंतीला धरून उभे राहावे, टाच जमिनीला टेकवावी आणि हळूहळू त्या पायावर भार द्यावा. झटका मात्र देऊ नये.

गोळा येतो म्हणजे काय?

कुणी गोळा म्हणतात, कुणी पेटके, कुणी वांब. पाठीत आला की उसण भरली म्हणतात, मानेत आला की मान अवघडली म्हणतात. प्रकार थोडेफार वेगळे, पण मुळात गोष्ट एकच. स्नायू आखडतो आणि सुटत नाही.

आपण हात उचलतो तेव्हा मज्जातंतूतून निरोप जातो आणि स्नायू आखडतो. निरोप थांबला की तो सैल पडतो. आपल्याला वाटते आखडायला शक्ती लागते, सैल पडायला काय लागते? पण सैल पडायलाही शक्ती लागते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते ते याचमुळे. सैल व्हायला लागणारी शक्ती तयार होणे बंद झालेले असते. दिवसभर राबून थकलेल्या स्नायूत हा आखडण्या-सुटण्याचा मेळ बिघडतो. मज्जातंतू निरोपामागून निरोप धाडत राहतो आणि गोळा येतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पोटरी आधीच आखूड झालेली असते. म्हणून मध्यरात्री गोळा जास्त येतो.

पाठीची उसण थोडी निराळी. ओझे उचलताना आत कुठेतरी लचकते आणि आजूबाजूचे स्नायू त्या जागेला जपण्यासाठी कडक होतात. ते आपले रखवालदार. पण रखवालदार घाबरला की घरच्या माणसालाही आत येऊ देत नाही, तसे हे कडकपण स्वतःच दुखणे होऊन बसते.

मावशींनी काय सांगितले

संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो. दिवसभरात पाणी किती पिता, असे विचारले. मावशी हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, सकाळी सहाला घर सोडते. चार घरची धुणीभांडी. पाणी प्यायले तर जायचं कुठं? ज्या घरी फरशी पुसते त्या घरचा संडास मला वापरू देत नाहीत. मी घरी येऊनच पिते."

बंधू-भगिनींनो, हे ऐकून आम्ही गप्प झालो. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह झाला. आणि आज आपली आई-बहीण पाणी समोर असून पीत नाही, कारण पुढची सोय नाही. तिच्या पोटरीतल्या गोळ्याला थकवा, घाम आणि तहान कारण आहे, तसेच त्या बंद दारामागचा विटाळही कारण आहे. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी सार्वजनिक मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली. तिची चेष्टा करणारे पुष्कळ होते. त्यांनी एकदा मावशींशी बोलून पाहावे.

घाम आणि गोळा यांचे नाते कामगारांनीच जगाला शिकवले. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, गरम कोळसा खाणींत मजुरांना भयंकर पेटके येत. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि वरून नुसते पाणीच ढोसले तर त्रास वाढतो, हे तिथल्या संशोधकांनी दाखवले. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर मजुरांना आराम पडला. आपले बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. मजुराचे अंग किती वेळ राबावे याला मर्यादा हवी, हे ते जाणत होते. त्यांच्याच काळात १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय हवी, असेही कलम होते. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली बसण्याच्या हक्काचा कायदा केला. तेव्हा दुखणाऱ्या पायाला नशीब म्हणू नका. त्यात मागण्यासारखे आणि मिळवण्यासारखे पुष्कळ आहे.

घरी काय करावे

पाणी एकदम न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे. फार घाम गेला किंवा जुलाब झाले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नये. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

झोपण्यापूर्वी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहावे. दोन्ही तळहात भिंतीला टेकवावेत. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. पुढे झुकावे. पोटरीला ताण बसेल. ३० आकडे मोजावेत. प्रत्येक पायाला तीनदा करावे. रात्रीचा गोळा याने कमी होतो.

दुखऱ्या जागी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो. मात्र मधुमेही माणसाच्या पायाला चटका कळत नाही, त्याला शेक देताना आधी आपला हात लावून पाहा. उसण भरल्यावर पूर्वी आठ-आठ दिवस फळीवर झोपवत. आता डॉक्टर तसे सांगत नाहीत. एखाद-दुसरा दिवस आराम, मग सोसेल तेवढे हिंडणे-फिरणे, हेच बरे.

मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी आणून खाऊ नका. पोटात व्रण पडतो, मूत्रपिंडे बिघडतात. आणि आमच्या हमाली करणाऱ्या भावांना हात जोडून सांगतो, "अंग दुखतं म्हणून घेतो" हे खरे नाही. दारूने लघवी जास्त होते, अंगातले पाणी जाते, झोप मोडते आणि स्नायू व मज्जातंतू दोन्ही खराब होतात. पाचवे शील नुसते विहारात म्हणण्यासाठी नाही, ते पाठीच्या कण्यासाठीही आहे.

मनाचा ताण अंगात उतरतो

आम्ही कारकुनीत आयुष्य घालवले. मार्च महिना आला की आमची मान अवघडलीच. खुर्ची तीच, टेबल तेच, मग मार्चमध्येच का? कारण धास्ती. भीती वाटली की शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. खांदे कानाकडे जातात, दात आवळले जातात, पोट आत जाते. साहेबापुढे पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा तो आवळलेपणा तसाच राहतो. कर्जवाला दारात, मुलाची फी बाकी, घरमालकाने विचारलेली जात, या सगळ्यांचा हिशेब खांद्यावर मांडला जातो.

अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली यावर पुस्तक लिहून एक साधी रीत सांगितली. आधी स्नायू मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे सैल म्हणजे काय ते अंगाला कळते. सतरंजीवर उताणे पडावे. पावलांची बोटे आपल्याकडे ओढून ५ आकडे धरावीत, मग सोडून २० आकडे नुसते पडून राहावे. मग मांड्या, पोट, मुठी. मग खांदे कानाकडे उचलून सोडावेत. शेवटी चेहरा आवळून सोडावा. १५ मिनिटे पुरतात. दुखऱ्या भागाला जोर देऊ नये.

आपल्याला ही वाट नवी नाही. श्वासावर लक्ष ठेवून शरीर शांत करणे तथागतांनी सतिपट्ठानात शिकवलेच आहे. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता. भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आणि कपिलवस्तूच्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर खुद्द भगवंतांनी, पाठ दुखते आहे, म्हणून पुढचे प्रवचन आनंदाकडे सोपवले आणि उजव्या कुशीवर आडवे झाले. ज्यांना साऱ्या जगाने शास्ता मानले त्यांना पाठ दुखते असे सांगायला लाज वाटली नाही. मग आपल्या आया-बहिणी दुखणे का लपवतात?

हे मात्र लपवू नका

एकाच पायाची पोटरी सुजून गरम, लाल झाली तर ती चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. चालले की पोटरी दुखते आणि थांबले की थांबते, असे बिडी-तंबाखू घेणाऱ्याला झाले तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली-सुटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेनंतर दातखीळ बसून अंग ताठ झाले तर धनुर्वात समजून धावा. ताप आणि डोकेदुखीबरोबर मान ताठली तरी थांबू नका. वारंवार गोळे येत असतील तर साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे. कोणती औषधे चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगावे, कारण लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही गोळे येतात. गरोदर भगिनींना हा त्रास पुष्कळदा होतो. त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावे, कॅल्शियमच्या गोळ्या तिथे मिळतात.

आणखी एक. रडून किंवा घाबरून एखादी मुलगी भराभर श्वास घेऊ लागली की तिच्या हाताची बोटे वाकडी होतात, ओठांना मुंग्या येतात. लोक म्हणतात, अंगात आले. अंगात काही येत नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि स्नायू आखडतात. तिला शांत बसवा, हळू श्वास सोडायला लावा, बोटे सुटतात. आणि मग तिला विचारा, बाई, तुला कशाची भीती वाटते? वारंवार होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

या रविवारी आमच्या विहारात आम्ही तीन गोष्टी करणार आहोत. मागच्या बाजूला वयस्करांसाठी चार खुर्च्या, दाराशी पाण्याचा माठ आणि वंदनेनंतर दहा मिनिटे अंग सैल करण्याचा सराव. मावशींनी कामाच्या दोन घरी संडासाचे विचारायचे ठरवले आहे. एकटीने नाही, वस्तीतल्या सहा जणी मिळून. काय उत्तर मिळते ते पुढच्या अंकात कळवू. तुमच्या विहारात काय करता येईल याचाही विचार करावा.

जयभीम!